विटेतला बेडूक

बोईसर,
बुधवार, दुपार

प्रिय जिवली,

काल बाजारात तू भेटलीस आणि मी नीट बोललेच नाही. तुझ्या हातात सुकटीची पिशवी होती आणि तुझ्या लेकीच्या, हेतलच्या, डोक्यावर निळ्या मेणकापडाची गुंडाळी. ते मेणकापड पाहूनच मला कळलं होतं, तरी मी विचारलं, वीटभट्टीवर कधी निघणार? तू म्हणालीस, “शुक्रवारी टरक येल, बाई. भिवंडीच्या अंगाला.” आणि हेतल? “ती पन येल. धाकल्याला सांबालायला कोन हाय?” मग मी शाळेचं काढलं. सोमवारी दिवाळीची सुट्टी संपते, ती सहावीत आहे, तिला वाचायला आवडतं, असं काहीबाही बोलले. तू हसलीस. “शालेचा काय बाई, नाव काडतील. आमची नावा ऱ्हातात का? माजा नाय काडला कमलाकांत गुरुजीनी?” आणि हेतलकडे वळून तिला म्हणालीस, “ह्या माज्या बाई. ह्यांच्या हातात असता ना, तर माजी शाला सुटली नसती.” मी काय केलं, तर हेतलच्या गालाला हात लावला आणि रिक्षात बसले. पामच्या फाट्यापर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

कमलाकांत गुरुजी श्रावणात गेले, हेही मी तुला कालच सांगितलं. तू म्हणालीस, “मेल्या मानसाला वायट बोलू नये, पन मी काय रडनार नाय.” त्यांच्या तेराव्याला मी केळव्याला गेले होते. वाडीतल्या पोफळींखाली सतरंजी टाकली होती. जुने विद्यार्थी खूप आले होते, पण बहुतेक आपल्या शाळेतले नव्हते, नंतरच्या शाळांमधले होते. तुमच्या पाड्यावरचं कोणी नव्हतं. त्यांच्या बायकोनं मला चहा दिला आणि म्हणाली, “तुमच्या त्या शाळेतली पोरं यांच्यावर का रागावली, ते यांनी कधी सांगितलं नाही.” मी चहा प्यायले. मी रोज रात्री चार ओळी लिहिते, हे तुला ठाऊक आहे; मधल्या सुट्टीत तू माझी वही उलटीसुलटी करून पाहायचीस. त्या दिवशीही लिहिलं. चहा होता, गर्दी होती, परतीची गाडी उशिरा आली, एवढंच लिहिलं.

तुला आपले शनिवार आठवतात का? मी नुकतीच पालघरच्या कॉलेजातून बी.ए. होऊन, डी.एड. करून आले होते. पुस्तकातलं इंग्रजी तुम्हा मुलांच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून मी तो खेळ काढला होता. दर शनिवारी प्रत्येकाला दोन शब्द, एक जनावराचा आणि एक राजघराण्याचा. पुढच्या शनिवारपर्यंत त्या शब्दाचे जेवढे अर्थ मिळतील तेवढे आणायचे, पण पुस्तकातून नाही, माणसांना विचारून. बाकीची मुलं एकदोन अर्थ आणायची. तू आख्खी एमआयडीसी विचारून यायचीस. ‘क्रेन’ म्हणजे मिठागरातला लांब मानेचा पक्षी, हे मी सांगितलं होतं. लोखंड उचलणारं यंत्र तू गेटवरच्या ड्रायव्हरकडून आणलंस आणि म्हणालीस, मान तशीच हाय, बाई. ‘सील’ नावाचा प्राणी आपल्यापैकी कोणीच पाहिला नव्हता, पण तू टपालकचेरीतला शिक्का आणलास आणि पाइपात बसवायची रबराची चकतीही, खरोखरची, खिशातून. ‘क्राउन’ म्हणजे दातावर बसवायची टोपी, हे तुला दवाखान्यात झाडू मारणाऱ्या मावशीनं सांगितलं. ‘रूलर’ म्हणजे राज्य करणारा आणि फूटपट्टीही, हे कळल्यावर तू हळूच म्हणालीस, मारतात दोघंपन, आणि गुरुजी दारातच उभे होते. ते हसले म्हणून तू वाचलीस.

‘क्वीन’चा दिवस तर माझ्या वहीत आहे. कॅरममधली लाल सोंगटी, पत्त्यांतली राणी, मधमाश्यांची राणी (ती तुझ्या बापानं, सुकानं, सांगितली होती), आणि बुद्धिबळातली. मी म्हटलं, बुद्धिबळात ते तिला क्वीन म्हणतात, आपण वजीर म्हणतो. तू कपाळाला हात लावलास: “आरं देवा. मंग राजाचा लगीन कोनाशी झाला?” सगळा वर्ग लोळला. ‘बेअर’ला मात्र तू हसली नाहीस. अस्वल, आणि सोसणं. तू फळ्याकडे पाहत विचारलंस, अस्वलाला काय सोसाय लागतां, बाई?

त्या वर्षी दिवाळी झाली आणि तुम्ही भट्टीवर गेलात. दरवर्षी जात होतात. जाताना मी तुला शब्दांची वही बरोबर दिली आणि ‘फ्रॉग’ आणि ‘किंग’ हे दोन शब्द दिले. तुम्ही गेलेल्या मुलांचं गुरुजी काय करायचे, ते तुला कधी कळलं नसेल. हजेरीपटात ते तुमची नावं महिन्यामागून महिना उतरवायचे, पेन्सिलीनं, अगदी खाली, आणि त्यांच्यापुढच्या चौकटी कोऱ्या ठेवायचे. हजर नाही की गैरहजर नाही. जूनमध्ये मूल आलं की तोंडी परीक्षा घेऊन वरच्या वर्गात बसवायचे आणि नाव शाईनं लिहायचे. मला ते पटत नव्हतं. दुसऱ्या एका शाळेत न आलेल्या मुलांची हजेरी लावून खिचडीचा तांदूळ उचलतात, असं मी ऐकलं होतं. कोरी चौकट म्हणजे त्याच वाटेवरचं पहिलं पाऊल, असं मला वाटलं. मी सव्वीस वर्षांची होते आणि नियमांची पुस्तिका वाचलेली होती. गुरुजी म्हणाले, “बाई, शाळा नको म्हणून ही पोरं जात नाहीत. आईबाप जातात म्हणून जातात. चौकट कोरी राहू दे.” जानेवारीत ते पंधरा दिवस प्रशिक्षणाला गेले आणि पट माझ्याकडे आला. मी तुमची सहा नावं कमी केली. तांबड्या शाईनं, पट्टी धरून. त्या रात्रीची वही आत्ता माझ्यासमोर उघडी आहे. त्यात लिहिलंय: “आज पट स्वच्छ केला. बरं वाटलं.”

आता पुढचं मी सरळ लिहिते, कारण फिरवून लिहिण्याची मला सवय आहे आणि आज ती नको. गुरुजी परत आले, त्यांनी पट पाहिला. रागावले नाहीत. म्हणाले, “ठीक आहे. जूनमध्ये पोरं आली की बापाचा एकेक अर्ज घ्या, पुन्हा दाखल करू. एका कागदाचं काम आहे.” आणि मग जूनमध्ये तू आलीस. सहापैकी तू एकटीच. सुका तुझ्यामागे पायरीशी उभा होता. हातांची कातडी सोलवटली होती तुझ्या, आणि तू मला काही बोलूच न देता वही पुढे केलीस. ‘किंग’चं पान कोरं होतं. तू म्हणालीस, थय राजा कोन नाय मिलला, सगला शेठच. ‘फ्रॉग’च्या पानावर लिहिलं होतंस: “बेडूक. आनि विटेला मदी जो खड्डा असतो तो. त्यात शेठचं नाव असतं. वीट उलटी ठेवली तर पानी साचतं म्हनून बेडूक असेल.” विटा घ्यायला आलेल्या कुणा इंजिनियरनं तुला तो शब्द सांगितला होता. मी तुझं पान वाचत होते आणि तू हजेरीसाठी तुझ्या जागेवर जाऊन बसलीस.

मी नावं घेतली. तुझं नाव आलं नाही. तू उभी राहून म्हणालीस, “बाई, माजा?” सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता, सुका दारात होता. मी इतकंच म्हणायचं होतं की मी नाव कमी केलंय, काका, एक अर्ज करा. सात-आठ शब्द. माझ्या तोंडून निघालं, “गुरुजींनी कमी केलंय. तू भट्टीवर गेलीस ना.” आणि अर्जाचं सांगायला मी तोंड उघडेपर्यंत सुकानं तुझा दंड धरला होता. “चल. नावच नाय तं बसतं कुटं?” तू जाताना वहीकडे पाहिलंस, पण ती माझ्या हातात होती. गुरुजी त्या दिवशी केंद्रशाळेत बैठकीला गेले होते. संध्याकाळी मी तुमच्या पाड्यावर यायला निघाले होते, ओढ्यापर्यंत आलेही होते. अर्जाचं सांगायचं म्हणजे नाव कोणी कमी केलं तेही निघालं असतं. मी परत फिरले.

सुकानं गुरुजींना बोईसरच्या बाजारात गाठलं, हे तुला माहीत असेल. चारचौघांत बोल बोल बोलला. माज्या पोरीचा नाव काडनारा तू कोन, म्हणाला. गुरुजींना तेव्हाच कळलं असणार की मी काय सांगितलंय. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, टोपी खुंटीला लावली आणि मला म्हणाले, “सुका भेटला होता. रागात आहे. तुम्ही जाऊन या एकदा.” मी हो म्हटलं आणि गेले नाही. ते पुन्हा कधी विचारायला आले नाहीत, आणि माझं नावही त्यांनी कुठं घेतलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. माझ्या वहीत त्या आठवड्याची पानं कोरी आहेत. जी बाई पटात एक कोरी चौकट सहन करू शकत नव्हती, तिची सात पानं.

नंतर मी वाणगावला होते, मग पालघरला. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका होऊन परत आपल्याच शाळेत आले. पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात एक मुलगी खिडकीतून बाहेर बघत बसलेली दिसली, तुझ्यासारखीच मान करून. नाव विचारलं, आईचं नाव विचारलं. तेव्हापासून रोज तिला पाहते आणि रोज ठरवते की या आठवड्यात सांगायचं. कधी वाटलं, आता सांगून काय, तू संसारात आहेस, जुनं उकरून तुलाच त्रास. कधी वाटलं, मला हे सांगून हलकं व्हायचंय, त्यात तुझं काय भलं? हा दुसरा प्रश्न अजूनही सुटलेला नाही. पण काल तू हेतलला शाळेबद्दल जे सांगितलंस, ते तुझं नव्हतं. ते माझं खोटं होतं, अठरा वर्षं तू सांभाळलेलं, आणि काल माझ्यादेखत तू ते तिच्या हातात दिलंस.

म्हणून हे पत्र, जिवली. तोंडानं मी एकदा खोटं बोलले आहे, म्हणून या वेळी लिहून आणते आहे. उद्या सकाळी मी पाड्यावर येईन, हे तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत अंगणात थांबेन. मग तुला जे बोलायचं ते बोल. तुझं नाव मी काढलं, गुरुजींनी नाही. आणि नाव गेलं म्हणजे शाळा गेली, असं कधीच नव्हतं. तो एक कागद होता आणि तो मी तुझ्यापासून लपवला. हेतलला ठेवून जा, असं म्हणायचा हक्क मला नाही. धाकट्याला भट्टीवर कोण बघेल, याचं उत्तर माझ्याकडे नाही; तुझी आई तानी दोघांना ठेवून घेईल का, हे तिला तूच विचारू शकतेस. विचारलंस तर दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा अभ्यास मी बघेन. तू नेलंस तरी तिचं नाव मी काढणार नाही. पण आता हजेरी मोबाइलवर असते, त्यात कोरी चौकट ठेवताच येत नाही. हजर किंवा गैरहजर, दोनच. गुरुजींसारखं वाट पाहणं त्या यंत्राला येत नाही, आणि जी नाही तिला हजर म्हणणं मला अजूनही जमणार नाही. तेव्हा सोमवारी मी नाव घेईन तेव्हा ती तिथं असली तर बरं. तुझी वही सोबत आणते आहे. बेडकाचा तू लिहिलेला अर्थ मी, तू गेलीस त्याच रात्री, शब्दकोशात पाहिला होता. बरोबर आहे. बरोबरची खूण करायची राहून गेली होती, ती आज केली. खाली तारीखही आजचीच घातली आहे.

तुझीच,
वर्षाराणीबाई