मधोमध मनुका

२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ७
ओट्यावर चार शिळे पाव. सुगंधा त्यांचा फोडणीचा पाव करायला निघाली होती. अडवलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, शिळ्या पावाचं दुसरं काही सुचलेलं नाही बाईला. चारकोपमधल्या आमच्या सोसायटीच्या ओला कचरा समितीचा मी अध्यक्ष. आजपासून या घरातल्या शिळ्या पावाचं मी बघणार. रिटायर माणसाला काहीतरी ध्येय हवंच.

३ फेब्रुवारी
शिळ्या पावाचं कटलेट. आत बीट, ओट्स, कालचं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, किंचित गूळ. वर मधोमध एक मनुका. ती माझी सही. पहिलं मोडलं, दुसरं करपलं. तव्याचा दोष.
सुगंधा बशी घेऊन आत गेली आणि रिकामी घेऊन आली. म्हणाली, छान झालंय. माझ्या कुठल्याही कामाला ती आजवर असं म्हणालेली नाही. बाल्कनीत जाऊन जरा वेळ उभा राहिलो.

६ फेब्रुवारी
समोरच्या केतनला आठ दिली. म्हणाला, काका, झकास, पण आता बस. संकोची आहे. उद्या बारा देईन. चिरंजीव मिहिरच्या ऑफिसच्या डब्यात रोज चार. डबा चाटूनपुसून परत येतो.

९ फेब्रुवारी
शिळा पाव संपला! पंचाईत. पाववाल्याकडून ताज्या दोन लाद्या घेऊन माळ्यावर ठेवल्या. परवापर्यंत होतील शिळ्या. दूरदृष्टी म्हणजे काय, सुगंधाला कळत नाही.

११ फेब्रुवारी
कचऱ्याचं वजन केलं. बी विंगचा, म्हणजे आमचाच, ओला कचरा आठवड्यात दुप्पट! कोणीतरी बेजबाबदार कुटुंब आहे. नोटीस लावली: दोषी घराचं नाव रविवारच्या सभेत जाहीर करण्यात येईल. खाली सही, शिक्का. केतन म्हणाला, काका, जाऊ दे ना यार. त्याचं नाव टिपून ठेवलंय.

१४ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ६.४०
हातमोजे घातले. बी विंगचा ड्रम उपडा करायला निघतोय. आज सोक्षमोक्ष.

७.१०
कटलेटं. सगळी माझी. केतनची पेपरात बांधलेली. मिहिरची टिश्यूत, म्हणजे साहेब खाली उतरतानाच टाकत होते. आणि आमच्या दुधाच्या पिशवीत, गाठ मारून, सुगंधाची. मनुका तेवढ्या काढून खाल्लेल्या.
केतनचं सोडा. मिहिरचंही सोडा. पण ही छान झालंय म्हणाली होती. फार लागलं.

दुपारी
जाब विचारला. म्हणाली, तुम्ही इतके खूश होतात, सांगणार कोण? याला विश्वासघात म्हणतात. आजपासून अबोला.

१५ फेब्रुवारी, रविवार
सभेला अख्खी विंग हजर. जाहीर केलं की चौकशी अपूर्ण आहे, पुरावा नष्ट झालाय. सगळ्यांत जोरात टाळ्या केतनने वाजवल्या.
घरी आलो तर माळा रिकामा. माझ्या लाद्यांचा सुगंधाने फोडणीचा पाव केला होता. भरपूर कांदा, कढीपत्ता, वरून ओलं खोबरं. मिहिर तिसऱ्यांदा वाढून घेत होता. तिने विचारलं, कसा झालाय? अबोला मोडून म्हटलं, छान झालाय. अगदी तिच्याच आवाजात. कळू दे, कसं लागतं ते.
टोमणा तिला लागला की नाही, समजलं नाही. तोवर मी ताट पुन्हा पुढे केलं होतं.