पोकळीत सोडलेला पाइप

प्रिय ताई,

दाजी आज कामासाठी इथे आलेत. जेवताना म्हणाले, आपल्या चिमणीच्या खोकल्याने पुन्हा उचल खाल्ली, डॉक्टरांनी श्वासाचा पंप वाढवलाय. मी विषय बदलला. तुला ठाऊक आहे, घाबरले की माझा आवाज अगदी कोरडा होतो.

घरं तपासणं हे माझं काम. मंगळवारी एका बाथरूमचं छत उघडायला लावलं. एक्झॉस्ट फॅन उत्तम चालत होता, पण त्याचा पाइप बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचलाच नव्हता. छतावरच्या पोकळीत उघड्या तोंडाने पडला होता. रोजच्या आंघोळीची वाफ तिथेच कोंडत होती. लाकडी पट्ट्या बोटाने दाबल्या तर भुसभुशीत, आणि शेजारच्या खोलीच्या वरपर्यंत काळी बुरशी. घरमालक विचारत होते, हे कुठल्या गाढवाचं काम. तसंच एक गाढव माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

तुमच्याकडचा फॅन मी बसवला. दाजी म्हणाले होते, "मेव्हणी इंजिनिअर असल्यावर मिस्त्री कशाला?" माझ्या ड्रिलचं बिट भिंतीच्या निम्म्यापर्यंतच पोचलं. पुढच्या रविवारी लांब बिट आणते, असं मी म्हणाले आणि तोवर पाइप वर छताच्या पोकळीत सरकवून दिला. मग जाळीला कागदाचा तुकडा लावून पाहिला. तो चिकटून राहिला. आरसा धूसर होत नाही म्हणून तू किती खूश झालीस. हवा ओढली जाते एवढंच मी तपासलं. जाते कुठे, ते नाही. पुढे नवी नोकरी लागली आणि, खरं सांगते, मी विसरले. दोन वर्षं.

तुमचं छत सलग आहे. बाथरूमवरची पोकळी आणि चिमणीच्या पलंगावरची पोकळी एकच. खोकला त्यामुळेच, असं पुराव्यानिशी मी म्हणू शकत नाही. पण मंगळवारपासून मला दुसरं काही सुचत नाही. दाजींना तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून हे पाकीट त्यांच्याच हाती देते आहे. आजपासून चिमणीला तुमच्या खोलीत झोपव. तिच्या खोलीचं दार बंद ठेव. फॅन लावू नका, बाथरूमची खिडकी उघडी ठेवा आणि छताला हात लावू नका, बुरशी उडेल. डॉक्टरांना हे पत्र वाचायला दे. उद्या पहिल्या गाडीने मी माणसं घेऊन येते आहे, भिंत आरपार फोडायला. मग मला काय बोलायचं ते बोल. दार मात्र उघड.

तुझीच,
धाकटी