मालिकेतलं बंद दार

बमरोली, सप्टेंबर १९९४. संध्याकाळ.

प्लेगच्या भीतीने चाळीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागलीत. उद्या आम्हीही निघतोय, अमळनेरला, आईकडे. पिशव्या भरताना केबलवर ती लहानपणीची अंतराळयानाची मालिका लागली आणि मी बसलेच. नेमका तोच भाग. रोगट ग्रहावरून परतलेला सोबती यानाच्या दारावर थापा मारतो, काचेला तळवा लावून उभा राहतो. आत कप्तान विचार करत बसतो.

माझ्या आठवणीत कप्तान दार उघडतो. इतकी वर्षं मी हेच धरून चालले होते. आज उघडलंच नाही. यान निघून गेलं, काचेवर तळव्याचा ठसा तेवढा राहिला. मग ते दार उघडलं कुणी? मीच?

"बंद कर ते," हे म्हणाले. "उद्या गाडीला गर्दी राहील."

आमची पिंकी दुपारपासून खोकतेय. धुळीने असेल. अंग गरम नाही, तरी माझा तळवा सारखा तिच्या कपाळावर. गाडीत खोकली तर?

अमळनेरला भावाला फोन केला तेव्हा "या ना" म्हणाला, पण जरा थांबून. का थांबला?

माहेरी गेलं की आई आधी उंबऱ्याबाहेरच उभं करते, पिंकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकते, मगच आत घेते. एरवी मला त्या थांबण्याचा कंटाळा येतो. उद्याही ती थांबवेलच. मी तिच्या हाताकडे बघेन. हातात तुकडा असू दे, एवढंच.