दुनळीला मऊ गोळीच घालावी

मी, केवलराम देवीदास भेंडारकर, वय ७६, पोलाद कारखान्यातून निवृत्त फिटर, राहणार सुपेला, भिलाई, जिल्हा दुर्ग, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. शंका असल्यास माझ्या बायकोला विचारावं. ती उलटं सांगेल, पण सही हीच धरावी.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी नलू हिची. तिच्यानंतर मुलगा अभिनव आणि मुलगी वंदना या दोघांना सारखी. नलूला कोणी ‘आता आमच्याकडे चल’ म्हणून हलवू नये. तिला वाटलं तर ती आपणच जाईल.

२. शिलाई मशीन मीच दुरुस्त करत आलो, पण ते वंदनाचं. तिने मागितलंही नव्हतं, म्हणून आधी तिला.

३. माझे साडू कमलेश यांस माझी आरामखुर्ची. तिच्यात बसूनच त्यांनी माझ्या पोराला शिकवलं की जेवढा माल कडक तेवढा चांगला. बसा आता निवांत.

४. आता मुख्य गोष्ट. वडिलांकडून आलेली विलायती दुनळी रायफल, परवान्यासह. दसऱ्याला ती आणि माझा मायक्रोमीटर एकाच पाटावर पुजतो. तिच्या नळ्या पातळ, शेजारी शेजारी झाळून जोडलेल्या. आजची अख्ख्या तांब्याची गोळी तिच्यात दबत नाही. मग नळीच ताणली जाते, आतल्या पिळदार खाचांच्या रेषा बाहेरून उमटतात, झाळण सुटतं. पण पोलादात जन्म गेलेल्या माणसांना हे पटवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अभिनव त्याच कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये आहे. मागे म्हणाला, ‘बाबा, तांब्याच्या गोळ्या मागवू तुमच्या परवान्यावर. एकदम कडक माल हाये.’ मी म्हणालो, ‘नळी फाटन! तुले हात नको हायेत का?’ तो म्हणाला, ‘मंग तुमची बंदूकच कमजोर हाये.’ माझ्या बापाच्या रायफलीला कमजोर! मी त्याला घराबाहेर काढलं. तो दसऱ्यालाही येईना. तेव्हा मी लिहून ठेवलं होतं की माझ्यामागे रायफल सरकारजमा करावी. ते लिहिल्यापासून जेवण गोड लागलं नाही. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो.

कारण या नवरात्रात तो आला. नलू आधीच कानात बोलली, ‘पोरगा आला हाये. तोंड बंद ठेवा.’ मी ठेवलं. तो पाटावर बसून म्हणाला, ‘बाबा, नळी खोला न. माप घेऊ.’ त्याने मऊ शिशाचा तुकडा लाकडी दांड्याने नळीतून ठोकून काढला, त्यावर उतरलेल्या नळीच्या मापाला मायक्रोमीटर लावला. मग नळ्यांच्या पोटाकडे बोट दाखवून विचारलं, ‘हे वजन कायले कोरलं हाये?’

अरे देवा, हाच प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून वाट पाहत मी म्हातारा झालो. म्हणालो, ‘तेवढ्याच वजनाच्या गोळीवर दोन्ही नळ्या बसवल्या हायेत. हलकी घातली तर एक इकडे मारन, एक तिकडे.’ तो म्हणाला, ‘मंग तेवढ्याच वजनाची पाहू. शिशाचा गाभा, वरून पातळ कवच.’ मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि रडलो.

तशी काडतुसं रायपूरच्या दुकानदाराकडे मिळाली. काल रविवारी रेंजवर उजवी मी झाडली, डावी परवानगी काढून अभिनवने. दोन्ही भोकं एका वाटीखाली झाकतील इतकी जवळ. नळ्यांवर ओरखडा नाही. मी हुश्श केलं. रात्री आडवा पडलो तो सकाळीच उठलो.

म्हणून रायफल आणि मायक्रोमीटर अभिनवला. त्याचा परवाना होईपर्यंत रायफल पोलीस ठाण्यात जमा राहील. गोळी वर लिहिली तीच.

५. मी गेल्यावर मानवंदना म्हणून कोणी हवेत बार काढू नये. काडतुसं मोजकी आहेत, आणि अभिनवचा नेम अजून जरा डावीकडे जातो.

वरील मजकूर वाचून, साक्षीदारांसमोर सही केली.

केवलराम देवीदास भेंडारकर
सुपेला, भिलाई. ६ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:
१. मथुरा रामटेके, शेजारी. सही.
२. कमलेश हेडाऊ, साडू. सही. कलम तीन मंजूर नाही. खुर्ची घेईन.