मा, तूच घे

१२ मार्च
सायगॉनला पोचलो. बसमध्ये मा माझ्यापेक्षा जास्त खुशीत होती. शेजारच्या बाईला सांगत होती की पोराची छाती भरायला चाललोय. हॉस्पिटलात खाट खिडकीशी मिळाली. रुग्णाला खाट आणि घरच्या माणसाला खाटेखालची जागा, हा इथला कायदाच. चटई अंथरून, थर्मास, सुके मासे आणि संत्री मांडून मा खाली झकास संसार थाटून बसली.

माझ्या छातीत मधोमध खळगा आहे, मूठ मावेल एवढा. समुद्रकाठच्या फान री गावात वाढलो, पण जाणता झाल्यापासून कुणासमोर सदरा काढलेला नाही. पोरं म्हणायची, लाम्या, त्यात मासळीचा रस्सा ओत, आम्ही भात बुडवून खातो. मीही हसायचो. घरी येऊन दार लावायचो.

डॉक्टरांनी नीट समजावलं. दोन्ही बगलांखाली छोटे काप, आत दुर्बीण. मग छातीच्या हाडाखालून वाकवलेली धातूची पट्टी सरकवायची आणि उलटी फिरवायची, की हाड वर येतं. पट्टी दोन-तीन वर्षं आत राहील. नंतर खूप दुखेल, म्हणाले, आणि दुखलं तर लपवायचं नाही. मी मान डोलावली.

शेजारच्या खाटेवर साऊकाका आहेत, मासेमारीच्या होडीचे मालक. त्यांच्या फुप्फुसाचा तुकडा काढलाय, पण तोंड शाबूत आहे. म्हणाले, तुझी छाती वर काढतायत आणि माझी आतून रिकामी करतायत, उरलेला माल तुलाच देऊन टाकू का.

१४ मार्च
झालं. मान उचलून खाली पाहिलं तर छाती सपाट, चारचौघांसारखी. रडू आलं. पाठीत बारीक नळी आहे, तिच्यातून औषध जातं, त्यामुळे दुखणं दूर कुठेतरी आहे.

मा कपाळावरून हात फिरवत बसली होती. पोराला दुखलं की आमच्याकडच्या सगळ्या आया जे म्हणतात तेच म्हणाली: दे माझ्याकडे, तुझ्या वाट्याचं मी दुखून घेते. यावरचं उत्तरही ठरलेलं असतं. नको मा, काही नाही झालं, असं म्हणायचं. बोलायला लागलेलं पोरही हे शिकलेलं असतं. काही झालं तरी 'घे' म्हणायचं नसतं. मी ठरलेलं उत्तर दिलं.

१६ मार्च
नळी काढली, आता गोळ्यांवर. नर्स थाओताईने विचारलं, दहापैकी किती दुखतं. साऊकाका कान देऊन होते. मी म्हणालो, दोन. काका म्हणाले, वा रे पठ्ठ्या, नुसतं आतच नाही, पोरगं बाहेरूनही पोलादी आहे.

मग मी गोळीही नको म्हणालो. थाओताई वैतागली. म्हणाली, बाबा रे, इथं पदकं वाटत नाहीत, गोळी दुखणं चढायच्या आधी घ्यायची असते. मी ती घेतल्यासारखं केलं आणि उशीखाली सरकवली. जन्मात पहिल्यांदा कुणी मला मर्द समजलं होतं. ते एका गोळीपायी घालवायचं?

१७ मार्च
दुपारी जेवणं झाली आणि सगळा वॉर्ड पडला झोपून. तेव्हा चढलं. आतून कुणी पहार लावून बरगड्या उचकटतंय असं. श्वास घेववेना, सोडवेना. खोकला येईल की काय या भीतीने घाम फुटला. घंटा वाजवली तर थाओताई येणार, उशी उचलणार, आणि साठलेल्या गोळ्या काकांसमोर बाहेर पडणार. मी घंटा वाजवली नाही.

मा उठून बसली. कपाळावर हात ठेवून म्हणाली, दे माझ्याकडे.

मी म्हणालो, घे.

थांबलं. तिथल्या तिथे थांबलं. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, सावकाश चटईवर आडवी झाली आणि तोंड पलीकडे केलं.

१८ मार्च
फाटकावरची धर्मादाय पेज स्वतः रांगेत उभं राहून आणली. डॉक्टर खूश. मा जेवली नाही. उठताना खाटेची कड धरते. थाओताईने विचारलं, मावशी, दहापैकी किती. मा म्हणाली, दोन.

तिच्या छातीचा एक्स-रे काढला. काही नाही म्हणे, जागरणाचा थकवा. गोळ्या दिल्या, मा त्या मुकाट घेते, पण उतार नाही. कसा पडेल? दुखणं तिचं नाहीच. मला ठाऊक आहे आणि मी तोंड उघडलेलं नाही. थाओताईला काय सांगू, की मर्द म्हणवून घ्यायला गोळ्या लपवल्या आणि मग आईला पुढे केलं?

१९ मार्च
माचा सदरा छातीशी आत ओढल्यासारखा दिसतो. वाकून पाहिलं. खळगा आहे. डावीकडे जरा जास्त खोल. माझाच आहे तो, मी ओळखणार नाही तर कोण.

२० मार्च
आज परत मागितलं. म्हणालो, मा, आण ते इकडे. तिने नको नको म्हणत दिलं. आलं. सगळं आलं, होतं त्याहून जास्त. मा मोकळा श्वास घेऊन उठून बसली, केस बांधायला लागली. अंबाडाही पुरा झाला नव्हता —

मी म्हणालो, घे.

दुसऱ्यांदा. शुद्धीत असताना. ती रागावलीसुद्धा नाही. वेडा, म्हणाली.

२१ मार्च
साऊकाकांनी ऐकलं होतं. थाओताईला म्हणाले, मला दुसरीकडे हलव, या पोराशेजारी मला पडायचं नाही. जाताना माच्या पाया पडले. माझ्याकडे पाहिलं नाही.

२२ मार्च
मा उठत नाही. छाती हलत नाही, पण बोलते. ओठ मिटलेले — तरी बोलते. खळग्यात हात ठेवायला गेलो — मनगटापर्यंत गेला — तळ लागेना —

म्हणालो, मा, दे परत, या वेळी ठेवतो, खरंच ठेवतो. नाही म्हणते. पुन्हा घेशील, पुन्हा देशील, उगाच हाल कशाला. बरोबर आहे तिचं.

मला हायसं वाटलं. हेही लिहून ठेवतो. हायसं वाटलं.

आता विचारते, आणखी काय दुखतं?

२३ मार्च
छाती छान. श्वास छान. लाज तेवढी दुखते. दुसरं काही दुखत नाही म्हणून तीच — दिवसभर —

तिला कळलंय. लाजही दे, म्हणते. सारखं म्हणते. दे माझ्याकडे.

नाही देणार. तेवढीच माझी उरली आहे. लाज गेली तर मा खाली अशी का पडली आहे हेही मला आठवणार —

नको मा, काही नाही झालं. नको मा. म्हणतोय मी. पण फार दुख—