ताईची पेटी

पॅरिस, ९ ऑक्टोबर १९६१

ती. आर्मांदताईस,
सा. न. वि. वि.

तुझी अक्रोडांची पिशवी पोचली. निम्मे किडके निघाले, उरलेले शेजाऱ्यांनी लांबवले. एकूण तुझा आशीर्वाद तेवढा माझ्या वाट्याला आला.

आता खरं सांगतो. इतकी वर्षं सिनेमात पोलीस कमिशनर होऊन फिरलो. भाजीवालीसुद्धा मला 'कमिशनरसाहेब' म्हणते आणि पिचके टोमॅटो टोपलीखाली दडवते. त्या कामात पाठांतर कसलं? दोन वाक्यं बोलायची, दिवे बंद, कॉफी. आता पुन्हा नाटकात उभा राहतोय, म्हाताऱ्या न्यायाधीशाचं काम आहे, आणि तिसऱ्या अंकात माझी पाटी कोरी होते. तालमीत तीनदा झालं. तीनदा मी खोकल्याचं सोंग केलं. दिग्दर्शक बेर्त्रां वयानं लहान असला तरी त्याला खोकला आणि सोंग यांतला फरक कळतो.

त्यानं रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीत असलेली प्रॉम्प्टरची पेटी फळी ठोकून बंद केली आहे. म्हणतो, प्रॉम्प्टर म्हणजे नटाच्या कुबड्या. पण रंगमंचाखाली काम करणारा फिर्मां अजून आहे, तुला ओळखतो. तो ती फळी सैल करून ठेवेल. ताई, तू ये. फिरत्या कंपनीत तू पेटीत बसायचीस आणि मी घाईला आलो की खालून पुटपुटायचीस, सावकाश, थिओ. ते ऐकलं की माझे पाय जमिनीला लागायचे.

आपल्या कंपनीतला म्हातारा सेव्हराँ आठवतो? तो अडला तेव्हा प्रेक्षकांनी दयेनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो कधी रंगमंचावर चढला नाही. मला तसल्या टाळ्यांची भीती वाटते. पहिला प्रयोग तीन नोव्हेंबरला आहे.

भाऊजींना नमस्कार. बकरीला माझी आठवण सांगू नकोस, तिनं माझी टोपी खाल्ली आहे.

तुझा,
थिओडोर

---

सार्ला, १३ ऑक्टोबर

चि. थिओस,
अनेक आशीर्वाद.

किडके अक्रोड तुझ्यासाठीच वेगळे काढले होते. शेजाऱ्यांना चांगले मिळाले याचं वाईट वाटतं.

मी येणार नाही. घसा बसला आहे, बदकं चारून पुष्ट करायचे दिवस आहेत, आणि मादलों बकरी जरा सुटली की तुझ्या एमिलभाऊजींच्या कोबीत शिरते. तिला बांधून ठेवायचं काम माझंच. शिवाय तू साठीला आलास. अजून बहिणीनं भरवायचं का?

पण एक कळव. पाटी कोरी होते ती नेमकी कुठे? तिन्ही वेळा एकाच जागी, की निरनिराळ्या? डॉक्टर आणि प्रॉम्प्टर यांच्यापासून काही लपवू नये.

माया कमी झालेली नाही, कान मात्र उपटावेसे वाटतात.

तुझी,
ताई

---

पॅरिस, २० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून राग आला आणि तो अजून गेलेला नाही. काल तुमच्या गावच्या तंबाखूच्या दुकानात फोन लावला. मालक म्हणाला, बोलावतो. आले कोण, तर भाऊजी. तू म्हणे बकरीमागे गेली होतीस. फोनमध्ये भाऊजींच्या शेजारी कुणाचा तरी श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता, आणि बकरी एवढ्या हळू श्वास घेत नाही. माझ्याशी दोन शब्द बोलायचेही तुला जड झाले का?

विचारलंस म्हणून सांगतो. एकाच जागी. न्यायाधीश शिपायाला हुकूम देतो, 'ती वस्तू कापा आणि या माणसाला घरी जाऊ द्या.' वस्तू कोणती ते तुला कळेल. त्या वाक्याशी आलो की डोकं रिकामं. सगळं नाटक त्या वाक्यावर उभं आहे.

आज चौथ्यांदा अडलो. खोकलो नाही, नुसता उभा राहिलो. बेर्त्रां सगळ्यांदेखत म्हणाला की पहिल्या प्रयोगात असं झालं तर दुसऱ्याला बदली नट उभा राहील. तो गडी तिसऱ्या रांगेत बसून माझी वाक्यं ओठांनी म्हणत असतो. मला झोप नाही. रंगमंच गेला तर मी कोण उरतो? भाजीवालीचा कमिशनर.

राग आहे, पण तो तुझ्यावरच काढता येतो.

थिओ

---

सार्ला, २४ ऑक्टोबर

चि. थिओस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हातारा झालेला नाहीस. मूर्ख आहेस, पण ते लहानपणापासून.

'ती वस्तू' म्हणजे दोर. घे, मी लिहिला. तुला तो पत्रातसुद्धा लिहवला नाही, मग जिभेवर कसा येईल? बाबा बोर्दोच्या थिएटरात छताखाली चढून पडदे ओढायचे आणि दोराला कायम सूतच म्हणायचे. रंगमंचावर तो शब्द उच्चारला की वरून संकट कोसळतं, असं घरात शिकलो. सहा वर्षांचा असताना तू त्यांची भाकरी घेऊन गेलास आणि रंगमंचाच्या मधोमध उभा राहून तो शब्द ओरडलास. आईनं साबणानं तुझं तोंड धुतलं. त्याच हंगामात बाबा वरून पडून गेले.

आई कधी काही बोलली नाही. तूही बोलला नाहीस. पण मी मोठी होते, थिओ, बाबांच्या पायाखालचं फळकूट मी नंतर पाहिलं. कुजून काळं पडलं होतं. तुझ्या शब्दाचा त्यात काडीचा हात नव्हता. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुला ते माहीत असेल असं धरून चालले.

खोलीचं दार लाव आणि मोठ्यानं म्हण. माझा आग्रह धरू नकोस, मी येऊन तुझ्या उपयोगाची नाही.

पोटभर जेव. रागावलास तरी ताईच राहीन.

आर्मांद

---

सार्ला, २ नोव्हेंबर

श्री. थिओडोर यांस,
स. न. वि. वि.

मला लिहायची सवय नाही, तरी लिहितो. हिनं शपथ घातली होती ती मोडतो. जुलैत हिच्या घशातली गाठ काढली आणि तिच्यासोबत आवाजही गेला. फोनवर तुम्ही ऐकलात तो श्वास हिचाच. माझ्या कानाला कान लावून उभी होती. मला सांगितलं, म्हणजे पाटीवर लिहून, की थिओला कळलं तर तो त्या काळजीत नाटक सोडेल.

आज पहाटे उठून पाहतो तर ही नाही. स्टेशनमास्तर म्हणाला, पॅरिसच्या गाडीत बसली. खुंटीवरचा बकरीचा दोरही नाही. मादलों मोकाट सुटून माझा कोबी खाते आहे. दोर कशाला नेला ते देवाला ठाऊक.

हिच्याकडून बोलण्याची अपेक्षा धरू नका. हे पत्र तिच्या आधी पोचावं, एवढंच मागणं.

आपला,
एमिल

---

पॅरिस, ४ नोव्हेंबर

ती. एमिलभाऊजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज सकाळी आलं. ते काल हाती पडतं तर माझा अर्धा जीव वाचला असता.

खोलीत दार लावून तो शब्द मी रोज म्हटला. खोलीत येतो, हो. तिसरा अंक सुरू झाला आणि खाली पाहतो तर पेटीवरची फळी गेलेली, लहानसा दिवा, आणि त्याच्यामागे ताईचा पांढरा अंबाडा. जीव भांड्यात पडला. भीती अशी राहिलीच नाही. ते वाक्य आलं, पाटी कोरी झाली, आणि मी निवांतपणे ताईकडे पाहिलं.

ती गप्प. मी वाट पाहिली. प्रेक्षकांत कुणीतरी खुर्चीत हललं. तिसऱ्या रांगेतला बदली नट पुढे झुकला. ताई माझ्याकडे नुसती बघते आहे. खोटं का सांगू, त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला. इतक्या लांबून येऊन ही बाई माझं मरण बघायला बसली का, असं वाटलं.

मग तिनं दोन्ही हात उजेडात वर धरले. हातात तुमच्या बकरीचा दोर, एक टोक चावून चोथा केलेलं.

बाबांच्या मुलीनं ती वस्तू रंगमंचावर आणली होती. माझी मान आपोआप वर गेली. वर दिवे होते, पडदे होते, पडदे ओढणारं एक माणूस नाक खाजवत बसलं होतं. काही पडलं नाही. मी म्हणालो, "दोर कापा आणि या माणसाला घरी जाऊ द्या." म्हणताना मला बाबा दिसले आणि रडू आलं. भूमिकेत रडणं नव्हतं. बेर्त्रां म्हणतो, ते वर बघणं रोज ठेवा.

थिएटरात असा अपशकुन करणाऱ्यानं दंड म्हणून सगळ्यांना वाइन पाजायची असते. ताईनं पाजली. दोर तिच्याबरोबर परत येईल, कोबीचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तिच्या घशाचं मला नंतर पेटीजवळ गेल्यावर, तिनं पाटीवर लिहिलं तेव्हा कळलं. त्याबद्दल आज लिहवत नाही.

शेवटी दिवे लागले. टाळ्या दयेच्या नव्हत्या, त्या मला ओळखता येतात. पेटीत ताईचे ओठ हलताना दिसले. सावकाश, थिओ, असं म्हणत होती. बोलायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून मी नमस्कार सावकाश केला.

लोभ आहेच. ताईला परत धाडेपर्यंत थोडा धीरही असावा.

आपला,
थिओडोर