साबुदाणा उगवत नाही

तीर्थस्वरूप चतुरावन्सं यांना मीनाक्षीचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? पाचोडच्या बाजारात तुम्ही पिशवी घेऊन अर्धा दिवस हिंडता असं कळलं. म्हणजे ते फक्त माझ्याकडं पाहुण्या आल्यावरच दुखतात. असो, जपा.

हे गेल्यावर मी मुकुंदवाडीला सत्यमच्या फ्लॅटमध्ये आले. यांच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "वैनी, कॉन्व्हेंटात घट बसवायचं शिकवत नाय. देवीचा टाक माझ्याकडं द्या." मी ते विसरलेले नाही. खरं सांगते, माझी श्रद्धा बेताचीच. चाळीस वर्षं घट यांनीच बसवला. मी ऑफिसला निघताना दारातून, चपला न काढता हात जोडले. पण तो टाक देणं म्हणजे यांची नवरात्रातली जागाच घरातून उचलून देणं. म्हणून यंदा मीच पदर खोचला.

पत्रावळीवर माती पसरली, मधोमध घट ठेवला. सात धान्यं पेरायची, एवढं आठवत होतं. सोनियाच्या फळीवरून (सून गुणी आहे, पण एका डब्यावर नाव लिहील तर शपथ) मोजून सात डबे काढले: तांदूळ, चार प्रकारच्या डाळी, पोहे आणि साबुदाणा. (उपवासाचा, म्हणून जास्त पवित्र.)

चौथ्या माळेपर्यंत मातीत काही हललं नाही. साबुदाणा तेवढा फुगला. आठ वर्षांची श्रेया म्हणाली, "आजी, आबांची देवी रुसली का गं?" मी तिच्यावर खेकसले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. (हे पाचोडभर करू नका.)

पाचव्या दिवशी सगळे मला ओढून कर्णपुऱ्याच्या यात्रेत घेऊन गेले. पाळण्यात श्रेयापेक्षा सत्यमच जास्त ओरडला. मग रस्त्याकडेला उभं राहून सीताफळं खाल्ली आणि बिया लांब थुंकण्याची शर्यत लावली. मी जिंकले. शाळेतल्या सिस्टर्सनी पाहिलं असतं तर छडीच काढली असती.

आणि सातव्या माळेला घट हिरवा! दसऱ्यापर्यंत तर गहू, मेथी, बाजरी अशी दाटी झाली की घटाचा गळाच दिसेना. डाळीतून मेथी उगवली, तेव्हा मात्र मी चौकशी लावली. तिघांनी एकमेकांना न सांगता पेरलं होतं! गहू सत्यमचा, मेथी सोनियाची आणि बाजरी श्रेयानं कबुतरांच्या वाट्यातून काढलेली. सत्यम म्हणतो, "आई, देवी रुसलेली चालेल, तू रुसलेली परवडत नाय."

माझ्यासाठी घरातली तिघं चोरून पेरणी करतात, वन्सं. आता इथं देवी नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? दसऱ्याला सत्यमनं यांची टोपी काढून तीत हिरवे तुरे खोवले. टोपी त्याला बरोब्बर बसली. मी या वेळी चपला काढून, जवळ जाऊन हात जोडले.

तर, टाक मिळणार नाही.

तुमची वैनी,
मीनाक्षी

ता. क. पुढच्या वर्षी घट बसायच्या दोन दिवस आधी या. सात धान्यं कोणती ते मला दाखवा, पण दार लावून, श्रेयासमोर नको. इमारतीला लिफ्ट आहे, गुडघ्यांचं कारण चालणार नाही.

ता. ता. क. पाकीट चिकटवताना सोनियानं कबूल केलं, की चौथ्या माळेला तिनं तुम्हाला फोन केला होता आणि "मेथी टाक, लवकर येती, वैनीला नको सांगू," असं तुम्हीच म्हणालात. टाक तरीही देणार नाही. दोन नाही, आठ दिवस आधी या.